इन्स्टॉल झालेली निवृत्ती रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : तक्रार कक्षातील टेलिफोन ऑपरेटर (माझी थोरली बहीण) यांची चुकून झालेली स्वेच्छानिवृत्ती रद्द होणे आणि सॉफ्टवेअरच्या पानावर 'वाचक' पहिल्या ओळीत राहू देणे याबाबत.

संदर्भ : १) आपले निवृत्ती मंजूर केल्याचे पत्र.
२) याच पानाच्या मांडणीविषयी मी पूर्वी दिलेले तीन अर्ज (उत्तर अद्याप नाही).

महोदय,

मी आपल्या संगणक कक्षात काम करतो. व्हायरसच्या त्या प्रकरणानंतर कार्यालयातील सर्व संगणक रोज संध्याकाळी आपोआप कोरे होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. सकाळी संगणक सुरू केला की एक पान उघडते, त्यावर सॉफ्टवेअरची यादी असते आणि ज्याला जे लागेल ते त्याने 'बसवा' हे बटण दाबून घ्यायचे असते. ते पान मी बनवले आहे. 'कुणालाही न विचारता वापरता यावे असे सोपे पान करा,' असा आपलाच आदेश होता, आणि मी ते मनापासून केले होते.

१. मूळ मांडणीत जे सर्वाधिक लागते ते वर होते. प्रत्येक नावाखाली ते कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहिले होते आणि शोधायला एक चौकट होती. आमचे विभागप्रमुख (ज्यांना कार्यालयात प्रेमाने फूटपट्टीसाहेब म्हणतात, कारण ते पडद्याला खरोखरच फूटपट्टी लावून ओळी मोजतात) यांनी ती मांडणी नामंजूर केली. कार्यालयात खुर्च्या, दारावरच्या पाट्या आणि गाड्या लावायच्या जागा सेवाज्येष्ठतेने ठरतात, तेव्हा सॉफ्टवेअरही ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहे त्याच्या ज्येष्ठतेनेच लागले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. शोधण्याची चौकटही काढावी लागली, कारण तिच्यात 'रजा' लिहिले की कनिष्ठांचे सॉफ्टवेअर ज्येष्ठांच्या आधी येत होते. खालची वाक्ये काढली, कारण काहींची वाक्ये लांब आणि साहेबांचे आखूड होते. मी हात टेकले.

२. 'वाचक' हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. ते ज्यांनी आणले ते अभियंते कंत्राटी होते आणि कंत्राट संपल्यावर गेले. त्यामुळे 'वाचक'ला कुणी धनी उरला नाही आणि ज्येष्ठतेच्या यादीत ते सर्वांत शेवटी जाऊन पडले. माझ्या बहिणीला समोरचा माणूस उजेडात ओळखू येतो, अक्षरे मात्र आता दिसत नाहीत. 'वाचक' चालू झाले की ती कुणाच्याही बरोबरीने तक्रारी नोंदवते. अडचण फक्त ते चालू होईपर्यंतची आहे. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर बसवायला आधी पान वाचता आले पाहिजे, हे मी तिन्ही अर्जांत लिहिले होते. त्यांची वाटाण्याच्या अक्षता लावून बोळवण झाली.

३. काही दिवस मी स्वतः सकाळी खाली जाऊन तिला ते बसवून देत असे. त्यावर 'जागेवर आढळून आला नाहीत' असा मेमो मिळाला. मग ताईनेच मार्ग काढला. पान उघडले की सरळ तळाला जाणारी कळ दाबायची आणि मग एंटर. शेवटचे ते आपले. "जागा शेवटची असली म्हणून काय झालं, कुणी हलवत तर नाही ना," असे ती म्हणायची.

४. गेल्या महिन्यात जागा हलली. निवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांनी स्वतःच स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या ताब्यातले 'स्वेच्छानिवृत्ती' हे सॉफ्टवेअरही बिनधन्याचे झाले आणि नियमाप्रमाणे 'वाचक'च्या खाली गेले. हा बदल यंत्रणेने आपोआप केला, मला कळवले नाही. दुसऱ्या दिवशी ताईने नेहमीप्रमाणे तळ गाठला आणि एंटर दाबले. कर्मचाऱ्यांना कमीत कमी त्रास व्हावा म्हणून त्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, हुद्दा, क्रमांक आधीच भरलेले असतात. अटी मान्य, पुढे, होय. 'वाचक'लाही हेच तीन प्रश्न असल्याने तिने तीनदा एंटर दाबले आणि आवाज यायची वाट पाहत बसली. आवाज आला नाही. स्पीकर बिघडला असेल म्हणून तिने मला फोन केला. मी जिना उतरून खाली पोहोचेपर्यंत अर्ज दाखल झाला होता आणि त्याच दिवशी आपण तो मंजूर केला. आमच्या कक्षाने मागितलेली एक साधी केबल अजून आलेली नाही, म्हणून या तत्परतेने माझ्या तोंडचे पाणी पळाले.

५. मी फूटपट्टीसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, "अहो, मशीनवर नाव त्यांचं, बोट त्यांचं. मग चूक कसली?" अर्ज मागे घेण्याचे बटण त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ज्याच्या ताब्यात ते आहे त्याने परवानगी दिल्याशिवाय ते दाबले जात नाही. म्हणून निवृत्त लिपिकांना घरी फोन केला. "मी सुटलो बाबा, आता मला त्यात ओढू नकोस," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. या महिन्याच्या अखेरीस ताई कार्यमुक्त होणार आहे.

६. महोदय, आई-वडील गेल्यावर ताईने मला वाढवले आणि शिकवले. मला हे पान बनवता येते ते तिच्यामुळे, आणि याच पानाने तिची नोकरी घालवली. रोज जेवताना ती विचारते, "मी नेमकं काय चुकीचं दाबलं रे?" मी सांगतो की तू बरोबरच दाबलेस. तिला ते पटत नाही. आपल्यालाच आता काम जमत नाही, असे तिने मनात घेतले आहे. हे मला सहन होत नाही, म्हणून कार्यालयीन शिष्टाचार बाजूला ठेवून लिहीत आहे. "दिसत नाही म्हणून दया करा, असलं काही लिहू नकोस," अशी तिची सक्त ताकीद आहे. त्यामुळे दयेची विनंती या अर्जात नाही.

७. काल मला लेखी आदेश मिळाला की ताईच्या निरोप समारंभाची सूचना पानाच्या अगदी वर, सर्व ज्येष्ठांच्याही वर, ठळक अक्षरांत लावावी. वर एका ओळीचीसुद्धा जागा नाही, असे मला आजवर सांगण्यात येत होते. जागा आहे हे या आदेशामुळेच समजले.

८. ती सूचना मी लावलेली नाही. त्या जागी 'वाचक' लावले आहे. पान उघडून नुसते एंटर दाबले की ते सुरू होते, एवढे काल रात्री ताईला सांगून ठेवले होते. आज सकाळी ताईने कुणाला हाक मारली नाही. मी दाराशी उभा होतो, तिला ते माहीत नव्हते. आवाज आल्यावर तिने हेडफोन सारखा केला आणि कुठल्या तरी गल्लीतल्या फुटलेल्या पाइपची तक्रार लिहून घ्यायला लागली.

तरी ताईची निवृत्ती रद्द करून तिला त्याच खुर्चीवर कायम ठेवावे. आदेश मोडल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, माझी तक्रार नाही. मात्र पहिली ओळ काढण्याचा आदेश निघाल्यास तो मला न पाठवता थेट तिला पाठवावा. ओळ निघाल्यावर तिला तो वाचता येणार नाही. तेव्हा आपण स्वतः तळमजल्यावर येऊन तो तिला वाचून दाखवावा.

आपला नम्र, आणि यावेळी आज्ञा मोडलेला,

(सही)
संगणक कक्ष, तिसरा मजला
दिनांक : २७ सप्टेंबर

सोबत : १) मंजुरीच्या पत्राची प्रत.
२) निरोप समारंभाच्या सूचनेचा मसुदा, न वापरलेला.