हिलसाइड मेजेस्टीला चीफ हवा

५ जानेवारी, रविवार

ठरलं. आपल्या सिंगापूरच्या सोसायटीच्या, म्हणजे ‘हिलसाइड मेजेस्टी’ कॉन्डोच्या, मॅनेजमेंट कौन्सिलला उभा राहतोय. एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, २२ फेब्रुवारीला.

रिटायर होऊन वर्ष होत आलं. जहाजावर मी इंजिनरूममध्ये शिरलो की बसलेला माणूस उभा राहायचा. इथे लिफ्टमध्ये शिरलो तर कोणी फोनमधून मानसुद्धा वर काढत नाही. खाली लॉबीत काचेचा बोर्ड आहे, त्यावर कौन्सिलच्या सात मेंबरांची नावं सोनेरी अक्षरांत. तिथे ‘चीफ इंजिनिअर शामकांत टिपणीस’ दिसलं पाहिजे. बाकी आयुष्यात काही मागणं नाही.

संकल्प: रोज सकाळी पूलभोवती फेऱ्या. भेटेल त्याला गुड मॉर्निंग. चिडायचं नाही. सतत हसायचं.

सुचित्राला सांगितलं. म्हणाली, बरं होईल, तेवढेच घराबाहेर राहाल. पहिला पाठिंबा मिळाला.

६ जानेवारी, सोमवार

पूलभोवती एक फेरी. ऊन फार.

मॅनेजमेंट ऑफिसात गेलो. तिथे मिस लिम म्हणून मुलगी आहे, आमच्या इराच्या वयाची. म्हणाली, अंकल, सात जागा आणि तुमच्यासकट सातच नावं. त्या दिवशी आयत्या वेळी आणखी कोणी उभं राहिलं तरच मतदान, आणि असं कधी होत नाही. काही करू नका, नुसते या, कन्फर्म निवडून येणार लाह. (हे ‘लाह’ इथल्या बोलण्याला शेपटीसारखं लागतं.)

अपमान वाटला. बिनविरोध काय! बिनविरोध तर पतपेढीचे चेअरमनही येतात. मला लोकांनी हात वर करून निवडलं पाहिजे. प्रचार करणार.

जाता जाता तिने हेही सांगितलं की एका फ्लॅटला एक मत, आणि मतदानाचं कार्ड मिळतं ते फ्लॅटच्या कागदावर ज्याचं नाव पहिलं त्याला. आमच्यात सुचित्राचं पहिलं आहे. फ्लॅट घेताना मी सुएझमध्ये होतो, तिनेच सगळीकडे धावपळ करून सह्या केल्या. तांत्रिक बाब. घरातलं मत घरातच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ खाताना कल्पना सुचली. हळदीकुंकू! कॉन्डोतल्या तमाम बायका आमच्या हॉलमध्ये. चिनी, मलय, गुजराती, सगळ्या. बायका आल्या की घर आलं, घर आलं की मत आलं. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, झाकणावर माझा फोटो, खाली YOUR CHIEF.

सुचित्राने आढेवेढे घेतले. गेल्या वर्षी तिने हळदीकुंकू केलंच नव्हतं. आज कळलं की विनीतामुळे. तिचा नवरा यशोधन गेला, विनीताला बोलावता येणार नाही, आणि तिच्या नाकासमोर चार मजले वर आपण हळदीकुंकू करायचं हे सुचित्राला बघवत नव्हतं. सिंगापुरात इतक्या वर्षांत हिला मैत्रीण म्हणावी अशी एकच, ती विनीता. मी सहा-सहा महिने बोटीवर, तेव्हा इराला ताप आला तरी विनीता आणि पाहुणे आले तरी विनीता.

सुचित्रा म्हणाली, यंदा करते, पण पहिलं कुंकू विनीताला लावणार. मंजूर असेल तर सांगा.

मंजूर म्हणालो. मी काही जुन्या विचारांचा नाही.

१८ जानेवारी, शनिवार

डबे छापायला दिले. सेरंगूनच्या दुकानदाराने रंगीत छपाईचा दर सांगितला. मी ब्लॅक अँड व्हाइट घेतली. फोटो माझ्या जुन्या सीमन बुकातला, म्हणजे जहाजी ओळखपत्रातला, वीस वर्षांपूर्वीचा. जबडा काय दिसतो!

पूलभोवतीच्या फेऱ्या तूर्त बंद. गुडघा.

२५ जानेवारी, शनिवार

विनीताबद्दल विचार केला. माझी हरकत काहीच नाही. पण लोकांचं काय? हॉलमध्ये मराठी बायकाही असणार. पहिलंच कुंकू तिला, म्हणजे कुजबुज होणार आणि नाव माझं खराब होणार. निवडणुकीत अशी रिस्क घेत नाहीत. सुचित्रा भावनेच्या भरात बोलली. तिच्या वतीने मीच फोन केला.

म्हटलं, वहिनी, गैरसमज नको, पण तुम्ही त्या दिवशी न आलात तर सगळ्यांनाच मोकळं वाटेल. यशोधन असता तर त्यालाही पटलं असतं.  ती म्हणाली, बरं, भावजी.

समजूतदार बाई. त्याच फोनवर तिचा चांदीचा हळदीकुंकवाचा करंडाही मागून घेतला. आमचा स्टीलचा आहे, पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही. तिला आता तो लागत नाही, नुसता पडून असणार. तिने लगेच घरकामाच्या हेल्परबरोबर पाठवला. पुसून, कापडात गुंडाळून.

यशोधन माझा कॅप्टन होता. देवमाणूस. त्याच्या शोकसभेत मी बोललो होतो, वीस मिनिटं. भाषण चांगलं झालं होतं.

३० जानेवारी, गुरुवार. चायनीज न्यू इयरची सुट्टी

आज घरोघर आमंत्रणं. संक्रांतीचे दिवस म्हणून काळा कुर्ता, काळा पायजमा. हातात डबा, डब्यात पांढऱ्या तिळाच्या वड्या.

पहिलं दार मिस्टर गोहचं. त्याच्या आईने उघडलं. वय शहाऐंशी. तिने मला पाहिलं, डब्यावरच्या फोटोकडे पाहिलं आणि किंचाळून दार लावलं. मग गोह स्वतः आला. फार हळू आवाजात विचारलं, युअर यंगर ब्रदर आह? सो सॉरी. मी म्हटलं, नो नो, धिस इज मी. तो मान हलवत राहिला. हळवा माणूस.

बाकी मजल्यांवर बऱ्याच जणांनी दार उघडलं नाही. सणाची गडबड.

संध्याकाळी गोहने एक पांढरं पाकीट आणून दिलं. आत एक्कावन्न डॉलर! मी चकित. चिनी माणूस, पण आपली आहेराची पद्धत बरोब्बर अभ्यासून वर एक ठेवला. इराला दाखवलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, पा, व्हाइट एन्व्हलप, ऑड नंबर, दॅट इज फॉर फ्युनरल लाह. न्यू इयरला काळे कपडे घालून मेलेल्या माणसाचा फोटो वाटत फिरलास तू.

या पिढीला सगळ्यात वाईटच दिसतं. पाकीट ठेवून घेतलं. एक मत पक्कं.

२ फेब्रुवारी, रविवार. हळदीकुंकू

गर्दी अपेक्षेपेक्षा आटोपशीर. नऊ जणी, त्यातल्या दोघी शेजारणींच्या हेल्पर. मी हॉलच्या मधोमध उभा राहून लिफ्ट मेन्टेनन्सवर बोललो. सुचित्रा मध्येच म्हणाली, हळदीकुंकवात पुरुष नसतात. मी म्हटलं, मी उमेदवार आहे.

सुचित्राचं लक्ष सारखं दाराकडे. पहिलं कुंकू कोणालाच लावेना. शेवटी मी सांगितलं, विनीताला ताप आहे, सुरू कर. मग तिची नजर टेबलावरच्या करंड्यावर गेली. हा विनीताचा आहे, म्हणाली. मी म्हटलं, प्रेमाने पाठवलाय.

बायका गेल्यावर करंडा घेऊन ती चार मजले खाली गेली. ताप बघून येते म्हणाली. दोन तासांनी आली.  आज इराच्या खोलीत झोपणार आहे. तिचा खांदा धरलाय, हात वर जात नाही म्हणून डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलंय. इराची गादी कडक आहे. तेच कारण असणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुचित्राने सकाळी एकच प्रश्न विचारला. विनीताला फोन तुम्ही केला होता का?

मी सविस्तर समजावलं: मतदार, समाज, वेळकाळ, व्यापक हित. ती चहा गाळत होती. मी बोलून संपवलं तेव्हा तिने एकच कप भरला होता आणि तो ती स्वतः प्यायली.

पटलं असावं. वाद घातला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिडायचं नाही हा संकल्प आज एकदाच मोडला. पंप रूमची पाहणी करायला टॉर्च घेऊन शिरलो होतो, तर गार्डने दंडाला धरून बाहेर काढलं. मी म्हटलं, बाबा रे, असे चाळीस पंप मी खोललेत. तो म्हणाला, रेसिडेंट्स नॉट अलाउड. निवडून आलो की पहिली याची बदली.

सुचित्रा अजून इराच्या खोलीत. जेवण वेळेवर मिळतं. घरात शांतता आहे. भाषणाची तयारी करायला उत्तम.

विनीता लिफ्टमध्ये भेटली. मी हसलो. ती मजल्यांचे आकडे बघत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. सूट इस्त्री करायला दिला होता, सुचित्रा विसरली. ब्लेझर चालेल.

विजयाचं भाषण पाठ. सुरुवात नम्रतेने.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फंक्शन रूम. मी पहिल्या रांगेत. सुचित्रा उशिरा आली आणि मागे बसली. विनीताबरोबर. विनीताच्या कपाळावर कुंकू होतं, चांगलं रुपयाएवढं. काही लोकांना कशाचंच काही वाटत नाही.

मिस लिमने विचारलं, सात जागांसाठी सात नावं आहेत, आणखी कोणी? मी उठून ब्लेझरचं बटण लावायला लागलो. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. सुचित्रा उभी होती. वाटलं, बाथरूमला निघाली.

म्हणाली, आय प्रपोज मिसेस विनीता.

हॉलमध्ये आम्हाला नवरा-बायको म्हणून ओळखणारे दोन-चारच असतील, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मिस लिम गडबडली. म्हणाली, ओके, आठ नावं, मग मतदान घ्यावं लागेल. प्रत्येक फ्लॅटने आपल्या पसंतीच्या सात जणांच्या नावाला कार्ड वर करायचं.

मी मनात म्हटलं, उत्तम. मला मतदानच हवं होतं.

विनीताचं नाव पुकारलं. कार्डच कार्ड. गोहच्या म्हाताऱ्या आईने दोन्ही हात वर केले. सुचित्राचं कार्ड सगळ्यांत उंच. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हसत मागे वळलो. सुचित्रा मांडीवरच्या कार्डाकडे बघत होती.

निकाल: सगळ्यांत जास्त मतं विनीताला. मी आठवा. सातव्याला माझ्यापेक्षा एक मत जास्त. तो नवव्या मजल्यावरचा कोणी मालक, पर्थला राहतो, आलाही नव्हता. त्याच्या नावाला सुचित्राचं कार्ड वर होतं. मी पाहिलं.

गोहने पाठ थोपटली. म्हणाला, टफ यिअर फॉर युअर फॅमिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

शांतपणे विचार केला. खांदा! बिचारीला हात वर करणं अवघड जातं. सात वेळा वर करायचा म्हणजे काय चेष्टा आहे. माझ्या नावाला नेमका दुखला असणार.

हे तिला सांगितलं.  म्हणाली, खांदा महिन्याभरापूर्वीच बरा झालाय. तुम्ही विचारलं नाहीत.

स्वभावाने ती पहिल्यापासून सोशिक. दुखणं लपवते.

१ मार्च, शनिवार

बोर्ड लागला. सोनेरी अक्षरांत विनीताचं नाव. स्पेलिंग बरोबर आहे, मी तपासलं. ‘चीफ’ या पदासाठी जागा तशीही कमी पडली असती.

उरलेले डबे एक्कावन्न. इरा म्हणाली, रिसायकलला देऊ. मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी लागतील.

८ मार्च, शनिवार

सुचित्रा आणि विनीता पेनांगला गेल्या. चार दिवस. मला आदल्या दिवशी कळलं. इरा बिशानला मैत्रिणीकडे राहायला गेली. इथे कंटाळा येतो म्हणे.

दुपारी खाली गेलो. लॉबीत शिरलो आणि तोच पंप रूमवाला गार्ड माझ्याकडे बघून खाडकन उभा राहिला. आतून भरून आलं. खरंच आलं. मी मान तुकवली, त्याला म्हटलं, सिट, सिट. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. माझ्या मागच्या बोर्डाची काच पुसायला तो उठला होता.

वर आलो. फ्रिज उघडला. चार दिवसांचं जेवण सुचित्राने करून ठेवलंय, एकावर एक रचून. माझ्याच डब्यांत. प्रत्येक झाकणावर मी, वीस वर्षांनी तरुण, हसतोय.

वरचा डबा काढून गरम केला. आमटीत मीठ नव्हतं. सांगायला घरात कोणी नव्हतं.