खोक्यातला आवाज

गुरुवार, ७ मार्च
ठरलं! परवा ऑपेराचा पहिला प्रयोग आणि खोक्यात मी! रंगमंचाच्या पुढच्या कडेला अर्धं जमिनीत गाडलेलं खोकं. त्यात वही घेऊन बसायचं आणि गाणाऱ्यांना प्रत्येक ओळीचा पहिला शब्द क्षणभर आधी पुरवायचा. बोलून. सूर न लावता. कंडक्टरांनी बजावलंय— "प्रेक्षकांना ऐकू आलात, की परत तिकीटखिडकीवर." नऊ वर्षं त्या खिडकीत काढली. पुन्हा तिथे? मेले तरी नाही!

शुक्रवार, ८ मार्च
जेवण जात नाही. वही तिसऱ्यांदा वाचतेय.

शनिवार, ९ मार्च, दुपारी
आत्याने आठलाच घराबाहेर काढलं. "नखं खात बसशील. चल!" किनाऱ्याने दीपगृहापर्यंत आणि परत— चौदा किलोमीटर! आत्या एकाहत्तरची, पण गुडघे माझ्यापेक्षा धड. खडकांपाशी पाणी आडवं आलं तर वळसा नाही, सरळ पाण्यातून! मी मागे, बूट हातात.

ती आज पहिल्यांदाच ऑपेरा बघणार. "कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा?" म्हटलं, नाही गं, छडी घेऊन वाद्यवाल्यांना चालवणारा. "मग तोही 'पुढे सरका' म्हणून ओरडतच असेल!" हसून हसून पोट दुखलं.

दीपगृहाच्या पायरीवर संत्रं सोलता सोलता म्हणाली, "तू का गात नाहीस?" तिला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी मंचावर गेले, लोक पाहिले आणि पळाले. तेव्हापासून कुणी नसतानाच गाते. तिथे आत्याशिवाय कुणी नव्हतं. गायले! तोंडात वारा शिरत होता, तरी वरचा सूर लागला. आत्याने अर्ध्याहून जास्त संत्रं मला दिलं.

रविवार, १० मार्च, सकाळी
घात झाला! तरी लिहिताना हसू येतंय, काय करू?

दोन अंक सुरळीत. तिसऱ्यात नायिका धक्क्यावर धावत येते आणि निघालेल्या नावेला 'थांब' म्हणते. महाराणी आली (नायिका करणारीला आम्ही महाराणी म्हणतो, अर्थात पाठीमागे) आणि गप्प! मी "थांब" पुरवला. गप्पच. पुन्हा पुरवला. तिचे डोळे माझ्यावर, पण कोरे. वाद्यं पुढे निघाली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला तो सुरात! भर आवाजात! महाराणी छातीशी हात धरून नुसती उभी. मी दुसरी ओळ गायले, तिसरी गायले. चौथीला ती मिसळली. मी थांबले.

टाळ्या! लोकांना वाटलं, नावेतूनच कुणीतरी गातंय.

बाहेर आत्या म्हणाली, "बाकी काही कळलं नाही बाई. तुझा मात्र शब्द न् शब्द कळला."

कंडक्टर एवढंच म्हणाले, "सोमवारी दहाला माझ्या खोलीत या." म्हणजे खिडकी. असू दे! नऊशे माणसं होती, नऊशे! आणि मी पळाले नाही. (खोक्यातून पळता येत नाही, हेही खरंच.)

सोमवार, ११ मार्च
काढलं! "खोक्यात बसायला तुम्ही साफ नालायक आहात," म्हणाले आणि वही काढून घेतली. "गुरुवारपासून नावेत उभ्या राहा. त्या तीन ओळी आता तिथूनच." लोकांसमोर. मी हो म्हणाले.