पहिल्यापासून म्हण

४ मे
लेकीने, इराने, माझं अभ्यासाचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. गुलाबी म्हणजे संशोधनपद्धती, पिवळा म्हणजे तर्कक्षमता, हिरवा म्हणजे विश्रांती. हिरवं स्केचपेन वाळलेलं असावं.
प्राचार्य काल म्हणाले, "मॅडम, आपण विदुषी आहात, प्रश्नच नाही. पण जूनअखेर पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा पास नसाल, तर पुढच्या वर्षी तास देता येणार नाहीत." तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवण्यात केस पिकले. विदुषीला चहा मात्र पाजला.

७ मे
गुलाबी. बाबांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांच्या कॉटशेजारीच बसते. नमुना निवडीचे प्रकार मोठ्याने: यादृच्छिक, स्तरित, समूह, सहेतुक. बाबांनी डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. कसब्यातल्या दोन खोल्यांत याच ठेक्यावर माझ्याकडून सगळं घोटून घेतलं होतं. आता मी कोण ते त्यांना आठवत नाही. एक प्रकार गाळला, तर लगेच, "पहिल्यापासून म्हण!"
म्हटलं.

१३ मे
पिवळा. एक माणूस उत्तरेकडे चालतो, डावीकडे वळतो, परत डावीकडे. आता त्याचं तोंड कुठे? रोज निघतो बिचारा. त्याला जायचंय कुठे, हे कोणी विचारत नाही.
सु. पेपरातून मान वर न काढता, "अगं, धायरीत राहत असेल. रस्ता खणलेला असणार."
नवरे असे उपयोगी पडतात.

१९ मे
पहिली सराव परीक्षा. इराने मोबाईलवर वेळ लावली. उत्तरं येत होती. पण सहेतुक नमुना विचारला की मी यादृच्छिकपासून निघते, रांगेने पुढे सरकते, तेव्हा कुठे सहेतुक भेटतो. निम्मे प्रश्न तसेच राहिले.
"आई, दरवेळी जिना चढून का येतेस? लिफ्ट आहे ना!"
"आमच्याकडे नव्हती."
हसली नाही. मग मीही नाही. जून जवळ आला.

२६ मे
इराने प्रश्नांची कार्डं केली. पत्त्यांसारखी पिसते आणि मधलंच काहीतरी विचारते. बाबा खवळले. "काय गोंधळ मांडलाय! क्रम नाही, काही नाही!"
"आजोबा, परीक्षेत असंच विचारतात."
"मग ती परीक्षा कसली?"
थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, "आपण कोणाकडे आलात?" अहो-जाहो अजून शाबूत आहे.
कार्डं आता स्वयंपाकघरात, हळू आवाजात. या वयात वडिलांपासून चोरून अभ्यास.

२ जून
भाजी निवडत होते. बाबा आपणहून, "यादृच्छिक, स्तरित, समूह..." आणि अडकले. मी म्हटलं, "सहेतुक." मान हलवली.
"कुठपर्यंत आलं?"
"बरंच झालंय, बाबा."
झालं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं म्हणून बरं वाटलं.

१० जून
सराव परीक्षा वेळेत संपली. मधून उडी मारता येते आता. इराने वेळापत्रकावर चांदणी काढली, लहान मुलांना देतात तशी.
रात्रीच्या जेवणाआधी बाबांपाशी म्हणायला बसले, तर क्रम चुकला. नेहमी चुकत नाही. आज स्तरित आधी आलं.
बाबांनी टोकलं नाही. ऐकू आलं नसेल...

१५ जून
वारज्याचं केंद्र. पोरं इराच्या वयाची. एकाने विचारलं, "मॅम, तुम्ही सुपरवायझर का?" संगणकावर पेपर. बहुतेक सगळा सोडवला. उत्तरेकडे निघालेल्याला वाटेतच सोडलं. बरोबर किती, देव जाणे. निकाल महिनाअखेर म्हणतात. प्राचार्यांची मुदतही तीच. काठावर पडेन असं वाटतंय. अलीकडे की पलीकडे, कळत नाही.
घरी आले. दारातच सु. म्हणाला, "बाबा सकाळपासून बोलले नाहीत गं. दूध घेतलं थोडं."
कॉटपाशी बसले. मुद्दाम चुकीचं म्हटलं, "समूह, सहेतुक, यादृच्छिक." थांबले.
डोळे उघडे होते. बोटं मांडीवर, नुसती ठेवलेली.
"बाबा, चुकलं ना?"
इरा फ्रिजवरचं वेळापत्रक काढायला लागली. म्हटलं, राहू दे.
मग पहिल्यापासून म्हणायला घेतलं.