उसना दिलेला गायक

बाबा, काल कॉव्हेंट्रीच्या लायब्ररीत माझं भाषण झालं. विषय होता जुन्या इटलीच्या दरबारांतला ऑपेरा. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, डिग्री कुठली? कुठलीच नाही. इटालियन मी घरी बसून शिकलो. लायब्ररीच्या पत्रकात दरबारी ऑपेराला तिकीट असायचं असं छापलं होतं, ती चूक मी पहिल्याच वाक्यात काढली. तिकीट लागायचं ते व्हेनिसच्या सार्वजनिक थिएटरांत, आणि तेही पुढच्या काळात. ड्यूककडे, म्हणजे तिथल्या संस्थानिकाकडे, आमंत्रण असायचं, आणि गायक त्याच्या घरच्या चाकरांत मोडायचा. दुसऱ्या दरबारात लग्न निघालं की ड्यूक चिठ्ठी लिहून आपला गायक उसना द्यायचा, जसा आपण मंडळाला मोठा कुकर देतो. यावर लोक हसले. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, त्या गायकाला कोणी विचारायचं का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर ग्लासगोचं आपलं किचन आलं.

आई म्हणतेय, "अहो, त्याचा आवाज फुटतोय. आज राहू द्या." तुम्ही टायची गाठ सारखी करताय. "साहेबांना शब्द दिलाय मी." साहेब म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातले वरचे डॉक्टर, तुमचे कन्सल्टंट, ज्यांच्या मर्जीवर तुमची पुढची पोस्ट अडलेली. मला कोणी विचारत नाही. त्यांच्या गालिच्यावर उभा राहून मी गायलो, अंतऱ्यात आवाज चिरकला, आणि कोणी काही बोलायच्या आत तुम्हीच इंग्रजीत म्हणालात, "वॉरंटी संपली वाटतं ह्याची." साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. पोस्ट मिळाली तुम्हाला. ड्यूक लोक निदान गायकाच्या गळ्यात सोन्याची साखळी घालायचे, बाबा. त्या दिवसापासून तुम्ही मला गा म्हणाला नाहीत. मंडळाच्या गणपतीत कुलकर्ण्यांच्या मुलाला पुढे केलंत, आणि मी खुर्च्या लावल्या.

बाईंना मी म्हणालो, नाही, विचारत नसत. इतकं तोडून म्हणालो की त्या बिचाऱ्या खाली बसल्या.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळू द्यायचं नाही. आवाज जाड होऊन स्थिरावला, त्यानंतर मी घर सोडेपर्यंत रोज जिन्यात गायचो. तुम्ही बाहेरच्या खोलीत, ऐकू येईल इतक्या जवळ असलात तरच.