ताटाची डावी बाजू

शनिवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. इडल्या संपल्या म्हणून हात धुवायला उठलो, तर सून म्हणाली, "मामंजी, डावीकडच्या दोन तशाच आहेत की!" मला त्या दिसल्याच नव्हत्या. नात जवळ आली, तिनं ताट फिरवलं. मग दिसल्या.

डोळे चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणतात. हृदयात गुठळी झाली, ती मेंदूत जाऊन अडकली आणि डोळ्यांमागची वाट तिथे तुटली, म्हणून डावीकडचं दिसत नाही. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, डोळ्यांमागे वाट असते हे मला काय ठाऊक! नात प्रयोगशाळेत याच वाटेवर काम करते. तिला विचारलं, "एवढं सगळं कळतं कसं गं तुम्हाला?"

"माकडांवरून, आजोबा. त्यांची वाट आपल्यासारखीच असते."

"म्हणजे ती तुम्ही तोडता?"

"भूल देऊन करतात. दुखत नाही त्यांना." माझ्याकडे न बघता सांबार वाढत होती.

"माझी परत जुळेल?"

"तेच तर शोधतोय ना."

म्हणजे नाही. माझ्या हयातीत तरी नाही. दृष्टी परत आली तर मारुतीला वड्यांची माळ घालीन असं बोललो होतो. आता कोणत्या तोंडानं त्याच्यासमोर उभा राहू? पण शोधू नका असं तरी कसं म्हणू? मला दिसायला हवंय. हे लिहितानासुद्धा ओळीची सुरुवात सापडत नाही, तिथे बोट ठेवून लिहितो आहे.

एक विचारायचं राहिलंच. तिथे त्या माकडाचं ताट कोण फिरवतं?