म्हसोबाच्या बोकडाला नंबर

९ नोव्हेंबर २००९, सोमवार

चूल पेटायच्या आधी कांताबाई दारात. पदराखाली मेलेलं करडू. आमच्या साखऱ्याच्या शेळी गटाच्या अध्यक्ष त्या, पण आज भांडायला आल्या होत्या.

"बघ सुमन. हे मेलं अन् दुसऱ्याचे मागचे पाय वाकडे. तुजं कंपूटर काय झोपलं होतं का?"

कोणती शेळी कोणत्या बोकडाला दाखवायची, हे सांगणारा प्रोग्राम माझाच. हिंगोलीच्या क्लासात पायथन शिकले, त्यात लिहिला. बापलेकीची जोडी लागू नये, एवढंच त्याचं काम. अन् तेच झालं असावं असा कांताबाईंचा संशय. माझाही.

सासूबाईंनी त्यांना चहा दिला. प्यायल्या नाहीत.

११ नोव्हें., बुध.

दुपारभर लोडशेडिंग. लाइट आली तशी गटाच्या खोलीत कंप्युटरपुढं जाऊन बसले. कांताबाईच्या शेळीचा बाप शोधला. बापाच्या रकान्यात शून्य!

शून्य नंबरचा बिल्ला गावात कुठल्याच जनावराच्या कानात नाही. मग शून्य आत शिरला कसा? गेल्या साली गट बांधणाऱ्या संस्थेच्या माणसांनी बिल्ले मारून यादी दिली, ती मी एकदम ओतली होती. पण नियम घातला होता ना मी! आईबापाचा नंबर आधी यादीत असेल तरच पिल्लू घ्यायचं. म्हणून आज मुद्दाम नसलेल्या बापाचं एक खोटं करडू घालून बघितलं. घेतलं की हो. मुकाट्यानं.

म्हणजे नियम लिहिलेला आहे अन् पाळायला कुणी नाही. असं कसं? उद्या हिंगोलीला जाते. इथं इंटरनेट कुठलं.

१२ नोव्हें., गुरु.

हिंगोली. कॅफेत बसून वाचलं. माझी चूक नाही, हुश्श! पायथन बसवलं की त्याच्यासोबत डेटाबेसची एक फाईल आपोआप येते, एसक्यूलाइटची. आपल्याकडची जुनी. ती हा नियम नुसता वाचते, पाळत नाही. पाळणारी नवीन आवृत्ती आत्ता दिवाळीच्या आसपास आली. पायथन तसंच ठेवून तेवढी एक फाईल बदलली तरी चालतं म्हणे. पेन ड्राइव्हवर घेतली.

नियम वाचायचा, मान हलवायची अन् करायचं काही नाही. असली माणसं लय बघितली, फाईल पहिल्यांदा.

परतताना स्टँडवर मामा भेटले. ह्यांचे मामा, हिंगोलीतच असतात. "काय सूनबाई, बोकड उभाच हाय का अजून?"

उभाच आहे, म्हटलं.

नऊ वर्षं झाली लग्नाला. लेकरू नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दोष कुणातच नाही म्हणाले. सासूबाईंनी म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला, सुनेच्या पोटी लेकरू झालं की देऊ. तेव्हा तो करडू होता. आता दाढीवाला थोराड झालाय अन् गावभर हिंडतो. मामा भेटले की माझी तब्येत नाही विचारत, बोकड विचारतात. त्यांनी ह्यांच्यासाठी औंढ्याकडची एक पोरगी बघून ठेवलीय, दुसरी बायको म्हणून. हे मला ऐकू जाईल अशाच आवाजात सांगतात.

बसमध्ये पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसले होते. सेनगाव कधी गेलं कळलं नाही.

१४ नोव्हें., शनि.

फाईल बदलली. आधी पेन ड्राइव्हमधून व्हायरस निघाला, तो साफ केला. मग जुन्या फाईलचं नाव बदलायला गेले तर बदलू देईना, वापरात आहे म्हणे. पायथन बंद करायचं राहिलं होतं. बंद केलं, जुनीला बाजूला सारलं, नवी तिच्या जागी. सुरू केलं, आवृत्ती विचारली, नवीन आकडा आला. एकटीच हसले खोलीत.

मग तेच खोटं करडू परत घातलं. घेतलं!!

डोकं फिरलं. परवा छापून आणलेला कागद पुन्हा वाचला. नव्या फाईलला नियम पाळता येतो, पण ती आपणहून पाळत नाही. दर वेळी उघडताना एक ओळ लिहून तिला सांगावं लागतं, की बाई, आज पाळ. ती ओळ घातली.

नाही घेतलं. लाल अक्षरात नकार. एवढा गोड नकार आयुष्यात ऐकला नव्हता.

१५ नोव्हें., रवि.

आनंद एकच दिवस टिकला. जुन्या नोंदी नवी फाईल आपण होऊन तपासत नाही, म्हणून सगळी जनावरं नव्या तक्त्यात पुन्हा घालायला घेतली. निम्म्याच्या वर करडं नाकारली. सगळ्यांचा बाप शून्य.

चार घरी जाऊन विचारलं, तुमच्या ह्या पाटीचा, ह्या तरण्या शेळीचा बाप कोण? चारही घरी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "आता काय सांगावं तुला. तुमचाच की."

आमचाच. म्हसोबाचा बोकड.

त्याला बिल्ला नाही. देवाला द्यायचं जनावर अव्यंग लागतं, कानाला भोक पडलं की ते देवाला चालत नाही. म्हणून बिल्लेवाल्यांनी त्याला हात लावला नाही अन् त्याच्या लेकरांपुढं शून्य लिहिला. देवाच्या बोकडाला कुणी बांधत नाही, हाकलत नाही. ज्याच्या त्याच्या रानात खातो, ज्याच्या त्याच्या शेळीमागं लागतो. स्वतःच्या लेकींमागं सुद्धा.

म्हणजे माझ्या लेकरासाठी थांबलेला बोकड अख्ख्या गावाचा बाप होऊन बसलाय. हसू यायला पाहिजे होतं. रडूच आलं.

१६ नोव्हें., सोम.

एक पळवाट सापडलीय. रकान्यात शून्य घातला तर नकार, पण रकाना कोरा सोडला तर नवी फाईल गुमान घेते. कोरा म्हणजे बाप माहीत नाही. सगळ्या शून्यांच्या जागी कोरं करायचं, दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही. बोकड जागेवर, मामा हिंगोलीत, सगळं जसंच्या तसं.

पण माहीत नाही कसं लिहू? अख्ख्या गावाला माहीत आहे. अन् कोरं सोडलं तर प्रोग्राम परत आंधळाच. कांताबाईची पुढची करडं...

सासूबाईंना विचारलं, आत्या, बोकडाला एखादा नंबर देऊ का?

"कानाला हात न्हाई लावायचा."

कानाला नाही, नुसता मशिनीत.

"मशिनीत दिलास तर उद्या कानात देशीन. न्हाई म्हन्लं ना." अन् जात्यापाशी जाऊन बसल्या. दळायला काही नव्हतं.

१८ नोव्हें., बुध.

गटाची बैठक. मला सांगावंच लागलं. कोरं सोडायची गोष्ट मात्र सांगितली नाही, ती माझ्यापाशीच ठेवली. बोकड देवाचा अन् घर माझं, कोण बोलणार.

शेवटी कांताबाई बोलल्या. "कनेरगाव नाक्याचा गट बोकड बदलून मागून राहिला. त्येंचा हिकडं, आपला तिकडं. देवाचा हाय म्हनून मारू नका, विकू नका. पन गावातून न्या माय. माज्या शेळीचं तिसरं वेत हाय हे, अन् एकबी करडू धड न्हाई."

कुणीतरी हळूच म्हणालं, "पन सुमनचं अजून..."

कांताबाईंनी माझ्याकडं बघितलं अन् त्यांचे डोळे भरले. भांडून गेल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवसांत सांगते म्हटलं.

१९ नोव्हें., गुरु.

ह्यांच्या दुकानात डबा घेऊन गेले. विहिरीवरची जळालेली मोटार उघडून तांब्याची तार काढत बसले होते. सगळं सांगितलं, कोऱ्या रकान्याचं सुद्धा.

ऐकून घेतलं. म्हणाले, "जाऊ दे बोकड. त्यो काय लेकरू देनार होता का आपल्याला?"

वाटलं, बरं बोलले. मग राग आला. नऊ वर्षांत हा माणूस या विषयावर एवढंच बोलला, अन् तेही मोटारीकडं बघून. मामा बोलतात तेव्हा गप्प. आई बोलते तेव्हा गप्प. म्हटलं, अन् मामांनी परत औंढ्याची काढली तर?

तार गुंडाळत राहिले. डबा तिथंच ठेवून मी निघून आले.

मी त्यांना वाईट म्हणत नाही. नांदेडला तपासायला आधी तेच गेले होते, मी न सांगता. पण माणसानं कधीतरी तोंड उघडावं की नाही?

२० नोव्हें., शुक्र.

आज जे ऐकलं ते नीट लिहून ठेवते.

तुरीच्या रानात सासूबाई अन् मी दोघीच. बोकड बांधावर उभा, आमचीच तूर ओरबाडत होता. मी म्हटलं, आत्या, मला गटाला उत्तर द्यायचंय. तुम्ही नको म्हणालात तर मी रकाना कोरा सोडते, बोकड राहील. पण माझ्या मनाला ते पटत नाही.

त्यांनी बोकडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, त्यो नवस म्या काहून बोलले?"

लेकरासाठी.

"लेकरासाठी माय म्या काय देवाला कमी मागितलं? मनातल्या मनात मागत होतेच की. ह्यो बोकड म्या गावासमोर बोलले. त्या साली माजा भाऊ एका पोरीच्या बापाला घेऊनच आला होता घरी. तू माहेरी होतीस. सुपारी फोडायच्या गोष्टी करून राहिला. म्या म्हन्लं, देवाला बोकड बोललाय, आता देवाचं काम चालू हाय, मधी कुनी बोलायचं न्हाई. तशीच उठून करडू हुडकून आनलं अन् पारावर सोडलं. तवापासून बोकड उभा हाय तवर त्याला सुपारी फोडता येत न्हाई. म्हनून तर भेटला की तुला बोकड इचारतो त्यो."

मी बांधावरच बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, या बाईला माझ्यापेक्षा नातू हवाय. बोकड दिसला की आत कुठंतरी टोचायचं, की हा माझ्या कमीपणाची पाटी गळ्यात घालून गावभर फिरतोय. अन् तो माझ्यासाठी उभा केला होता. मी घरात राहावी म्हणून.

त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर हात झटकला. "रडू नको, रानात रडू न्हाई." अन् स्वतःच पदर लावला डोळ्याला.

मग मी विचारलं, आता काय करू?

"कांताची करडं बघितली म्या. पाय बघवत न्हाईत. आपल्या पायी दुसरीची गोठ्यातली लेकरं मरावी, हे न्हाई पटत. जाऊ दे त्याला. कनेरगावातबी म्हसोबा हायेच. पन कानाला भोक न्हाई हां. त्यो अजून देवाचाच हाय."

अन् मामा?

"त्येला आता म्या किती दिस थोपवू? म्या एक बोकड उभा केला. आता तुज्या नवऱ्यानं उभं राहावं."

२१ नोव्हें., शनि.

सकाळी टेम्पो आला. बोकड चढेना, चौघांनी उचलला. बिल्ला कानात नाही, लाल दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला, सासूबाईंनी स्वतः. गाठ मारताना काय पुटपुटल्या देव जाणे. कांताबाईंनी नारळ फोडला. कनेरगावचा बोकड उतरला, तांबडा, बारका, घाबरलेला.

दुपारी लाइट होती. मशिनीत आपल्या बोकडाला नंबर दिला. मालक या रकान्यात काय लिहावं, थोडं अडले, मग 'म्हसोबा' लिहिलं. मुक्काम कनेरगाव नाका. मग एकेक करडू घालत गेले, बापाच्या जागी त्याचा नंबर. एकालाही नकार नाही. नव्या जोड्या काढल्या. कांताबाईच्या शेळीपुढं त्याच्या रक्ताचा एकही बोकड आला नाही. यादी त्यांच्या हातात दिली. "वाचून दाखव," म्हणाल्या. दोनदा वाचली.

घरी आले तर मामांचा फोन येऊन गेला होता. बातमी टेम्पोच्या आधी हिंगोलीत पोचली असावी. उद्या येतो म्हणाले, बोलायचंय.

फोन ह्यांनी घेतला होता. काय बोललात विचारलं. "या म्हन्लं." बस. एवढंच.

२२ नोव्हें., रवि.

सकाळ. मामा दहाच्या गाडीनं येतील.

रविवार म्हणजे ह्यांच्या दुकानात गर्दीचा दिवस, बाजाराला आलेले लोक मोटारी टाकून जातात. आज दुकान उघडलं नाही. दाढी केली, धुतलेला सदरा घातला अन् ओट्यावर येऊन बसलेत.

आत्ता सासूबाई बाहेर जाऊन म्हणाल्या, "आला की म्या बोलते त्याच्याशी, तू आत बस."

हे म्हणाले, "न्हाई आई. आज तू बोलू नको."

सासूबाई तशाच आत आल्या, माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. दोघींनाही कळेना, की याचा अर्थ चांगला धरायचा की वाईट. आत्या, म्हटलं, भाजी कशाची करू? कशाचीबी कर म्हणाल्या.

काय बोलणार आहेत ते विचारायला उंबऱ्यापर्यंत गेले होते. पाठ दिसली. विचारलं नाही. भीती वाटली, खरं सांगते.

गाडीचा हॉर्न वाजला फाट्यावर. हे उठले, चपला घातल्या. मग वळून म्हणाले, "सुमन, तू बी ये भाईर. माज्या बाजूला बस."