होडी म्हणून दारात थांब

मोरोगोरो, टांझानिया
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि मग जेवत नाहीस, असं बाबा सांगतात. म्हणून सावकाश वाचता येईल असं लिहून फोटो पाठवते आहे. डॉक्टरांनी मला विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही, तुलाच यावं लागेल. एकटीनं.

आपण भेटल्या भेटल्या कामाचं बोलतो, तसं इथे करू नकोस. आधी "हबारी?", काय खबर. त्यावर "न्झुरी", छान. वाट विचारताना "समहानी", माफ करा. आभाराला "असांते". कुणाकडे गेलीस तर "होडी" म्हणून दारातच थांब. आतून "करिबू" आलं की आत जा. थोरांना "शिकामो" म्हणतात, म्हणजे तुमचे पाय धरते. त्यावर थोरांनी "मराहाबा" म्हणायचं. तुला मराहाबाच लागेल.

शेजारच्या जैनाबू बीबी, म्हणजे आजी, रोज पाय चेपून देतात. अगदी आईसारखं करतात. काळजी नको.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
धनू

पारनेर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. धनश्रीस,
अ. उ. आ.

काळजी नको वाचलं आणि काळजी दुप्पट झाली. आईसारखं करायला आई काय मेली आहे? तिकीट एक तारखेचं आहे. डिंकाचे लाडू, बाळगुटी, जुन्या लुगड्याची दुपटी, सगळं भरलं. पुन्हा उपसलं, पुन्हा भरलं. हातपाय एका जागी राहत नाहीत.

तुझे बाबा रोज दारात उभे राहून होडी ओरडतात आणि करिबू म्हटल्याशिवाय घरात येत नाहीत. गल्ली हसते. मराहाबा मी पाठ केलं. ते पाय धरायचं मात्र पाठ करणार नाही, सांगून ठेवते. परक्या मुलखात मी कुणाचे पाय धरू? त्या बीबीला सांग, आता मीच येते आहे. आणि बाळाला म्हणावं, आजी येईपर्यंत दम धर.

तुझी,
आई

मोरोगोरो
४ नोव्हेंबर २०२५

धनूच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत, आधी एवढं वाचा आणि पाणी प्या.

मुंबईचं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं. समहानी समहानी करत एका बाईच्या मागे फिरले, तिनेच दुसऱ्या विमानात बसवलं. मी पोचले तर पोर आदल्या दिवशीच झालेली. जावई घ्यायला आले होते. वाटेत म्हणाले, ते कारखान्यावर असतानाच धनूला कळा लागल्या. बीबींनी रस्त्यावरचा टेम्पो अडवून तिला दवाखान्यात आणलं. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तेव्हाही त्या तिच्याजवळून हलल्या नाहीत.

दवाखान्यातल्या खोलीच्या दारात चपला काढल्या, होडी म्हटलं. करिबू आलं, पण आवाज धनूचा नव्हता. आपल्या आत्याबाईंएवढी म्हातारी, मांडीवर आपली नात. माझ्याजवळ तेवढं एक मराहाबा होतं, ते काय कामाचं? घरून निघताना केवढा राग घेऊन निघाले होते, माझी मलाच लाज वाटली. खाली बसले, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले आणि पाठ न केलेला शब्द आपोआप तोंडात आला. शिकामो.

त्यांनी मराहाबा म्हटलं आणि पोर माझ्या ओटीत घातली.

जेवण वेळेवर करा, लोभ आहेच तो असाच राहू द्या.

तुमची,
रंगू